पत्ता कळवावा

आमच्या वाचनालयाच्या बाईंनी मला सांगितलं, "आजी, तुम्ही ती बारकी बारकी मासिकं वाचत असता, त्यांतली चांगली कोणती ते लिहून द्या. आम्ही फळ्यावर लावू." फळ्यावर मावेल एवढं लिहायला बसले होते, पण ते तेवढ्यात संपलं नाही.

मी चौथी पास आहे. चौथीनंतर शाळा सुटली आणि गोठ्यातलं शेण सुरू झालं. वाङ्मय कशाला म्हणतात ते मला कोणी शिकवलेलं नाही, आणि त्यावाचून माझं काही अडलंही नाही. पण मासिकं मी लहानपणापासून वाचत आले. मोठी, रंगीत, नटीचं चित्र असलेली मासिकं कोणीही वाचतं. ती न्हाव्याच्या दुकानातही असतात. त्यांच्याविषयी मला काही सांगायचं नाही.

लहान मासिकांची नावं मी लिहीत नाही. आज नाव लिहावं तर उद्या ते बंद पडलेलं असतं. त्यापेक्षा खुणा सांगते. ज्या अंकात संपादकाचा फोटो एकापेक्षा जास्त वेळा आहे, तो घेऊ नका. ज्यात सगळे एकमेकांना थोर म्हणतात, तोही नको. मागच्या अंकात काही चुकलं असेल तर पुढच्या अंकात जो संपादक "आमची चूक झाली" असं सरळ छापतो, त्याचा अंक घ्या. माझ्याकडे सध्या एक येतं, तालुक्याच्या गावाहून. नवरा मजकूर बघतो, बायको पत्ते चिकटवते. कागद भिकार आहे, पण कथा वाचून झाल्यावर भाकरी थापताना ती आठवते. दुसरं एक वेळेवर कधीच येत नाही. ते आलं की मी आधी शिव्या घालते आणि मग वाचते. अशी घ्या.

आणि अंक हातात आला की आधी शेवटचं पान वाचा. तिथं बारीक अक्षरात लेखकांसाठी सूचना असतात. लोक ते पान वाचत नाहीत. मी तेच आधी वाचते. का, ते सांगते. यातही माणसांची नावं लिहिणार नाही, कारण आमची भावकी मोठी आहे आणि सगळ्यांना वाचता येतं.

माझं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. मी दहा-अकरा वर्षांची असताना थोरल्या भावाचं लग्न झालं. तो पलटणीत होता. लढाई सुरू होती, रजा थोडी होती, म्हणून लग्न घाईत उरकलं. वहिनी सांगलीची. तिचे वडील शाळामास्तर होते, ते आणि आई दोघंही गेलेले. मामानं सांभाळली होती आणि मामानंच सोयरीक जुळवली. आमच्या घरात ती 'सांगलीच्या अमक्यांची भाची' एवढीच माहीत होती. तिच्या बापाचं आडनाव काय, हे कोणी विचारलं नाही.

लग्नात ताटात तांदूळ पसरून भावानं अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं. आईनं ठरवलेलं होतं, कुलदेवीच्या नावावरून. सगळ्यांनी वाकून ते वाचलं. त्या क्षणापासून तिचं जुनं नाव संपलं. तेव्हा प्रत्येक पोरीचं असंच व्हायचं आणि कोणी त्याचं दुःख करत बसत नव्हतं. पुढं माझंही झालं.

लग्नानंतर भाऊ पलटणीत परत गेला. वहिनी आमच्यात राहिली. पहिल्या सणाला माहेराहून तिला न्यायला मुराळी येईल म्हणून आईनं वाट बघितली. कोणी आलं नाही. दुसऱ्या सणालाही आलं नाही. मग आईनं विषय काढणं सोडलं.

वहिनीच्या ट्रंकेत लुगड्यांखाली मासिकं होती. सांगलीतल्याच एका छापखान्याच्या माडीवरून निघणारं बारकं मासिक. लढाईमुळं कागद मिळत नसे, म्हणून एक अंक पिवळा, एक गुलाबी, एक तर पुड्याच्या कागदावर छापलेला. मला ती जत्रेतल्या पतंगांसारखी वाटली. मी हात लावला तेव्हा वहिनी म्हणाली, "वन्सं, हात धुऊन या आधी." माझ्याहून मोठी असून ती मला वन्सं म्हणायची आणि अहोजाहो करायची. मला फार भाव आल्यासारखं वाटायचं.

पेरणीच्या आधी बियाण्याच्या शेंगा फोडायच्या असतात. दुपारी गल्लीतल्या बायका आमच्या सोप्यात बसायच्या. वहिनीनं एकदा एक गोष्ट वाचून दाखवली, मग रोजचंच झालं. तिनं वाचायचं आणि तिच्या वाटच्या शेंगा आम्ही फोडायच्या. आईला ते पटत नव्हतं.

"वाचून शेंगा फुटत्यात व्हय गं?" ती म्हणायची.

शेजारची काकी म्हणायची, "आवं, फुटत्यात की. ती वाचाय लागली की माजी बोटं आपसूक चालत्यात. न्हाईतर मी निस्ती तुमच्या सुनंच्या चुगल्या करत बसीन." काकीला सगळं गाव भ्यायचं. आईसुद्धा.

एक दिवस वहिनीनं मासिक न उघडताच गोष्ट सांगितली. कृष्णेच्या घाटावर एक बाई धुणं घेऊन येते. धुऊन झालेलं लुगडं दगडावर वाळत घालते. ते वाळत आलं की पुन्हा पाण्यात बुचकळते, पुन्हा घालते. लुगडं वाळलं की घरी जावं लागेल, म्हणून. ऊन उतरतं, घाट रिकामा होतो, बाई तशीच. शेवटी घाटावरचा पुजारी विचारतो, बाई, अजून ओलंच का? ती म्हणते, दाट आहे हो, वेळ लागतो.

एवढीच गोष्ट. काकी म्हणाली, "आन् मग? घरी गेल्यावर नवऱ्यानं सडकली आसंल की तिला."

"ते त्यात नाही," वहिनी म्हणाली.

"म्हंजी? आर्धीच हाय का?"

"नाही काकी, एवढीच आहे."

काकीनं हातातली शेंग तशीच धरली. म्हणाली, "लय वंगाळ गोष्ट हाय." मग म्हणाली, "उद्या परत सांग."

त्या दिवशी मागच्या परसात भांडी घासताना वहिनीनं मला सांगितलं की ती गोष्ट तिची स्वतःची आहे. लग्नाआधी थोडे दिवस ती लिहून तिनं स्वतः जाऊन छापखान्याच्या माडीवर दिली होती. संपादकांनी विचारलं, अंक कोणत्या पत्त्यावर पाठवू? तिनं आमच्या गावाचा पत्ता दिला. गाव ठरलं होतं, घर ठरलं होतं, ते तिला माहीत होतं. नाव जे होतं ते तिनं लिहिलं, कुमारी अमुक अमुक. दुसरं लिहिणार तरी काय? तांदळात कोणतं नाव निघणार आहे, हे नवरीला आधी कोण सांगतं?

तिनं ते नाव माझ्या कानात सांगितलं. "कुणाला सांगू नका हं वन्सं. आत्याबाईंना ते नाव काढलेलं चालत नाही." आईला ती आत्याबाई म्हणायची.

मग तिनं मला अंकाचं शेवटचं पान दाखवलं. मी अक्षर लावून वाचलं. साहित्य स्वीकारलं तर ज्या अंकात ते येईल तो अंक लेखकास टपालानं पाठवला जाईल. तीन महिन्यांत अंक न आल्यास साहित्य नापसंत समजावे. त्याबाबत पत्रव्यवहार करू नये.

आता मला वाटतं, नाव बदललं म्हणजे टपालही चुकणार, हे एवढ्या हुशार बाईच्या ध्यानात कसं आलं नाही. पण ते माझ्याही ध्यानात आलं नाही. पुढं माझं नाव बदललं तेव्हासुद्धा आलं नाही. घर तेच, दार तेच, मग कागद येणारच, असं वाटतं माणसाला.

टपाल बाजाराच्या दिवशी यायचं. टपालवाला चावडीवर बसून नावं वाचायचा. पोरं लढाईवर गेलेल्या घरांतली सगळी माणसं तिथं जमायची. आमचे आबा दर बाजाराला जायचे. ते यायच्या वेळेला वहिनी सगळी कामं उरकून मधल्या दाराआड उभी असायची. सुनेनं सासऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून ती मला पुढं ढकलायची. "वन्सं, विचारा ना, काही आलं का."

"न्हाई गं पोरी," आबा दाराकडे बघून म्हणायचे. "लढाई हाय ती. बंदूक सोडून कागद लिहीत बसल व्हय त्यो?"

आबांना वाटायचं, नवऱ्याच्या पत्राची एवढी वाट बघणारी सून लाखात एक. चावडीवर ते तिचं कौतुक करायचे. भावाचं पत्र यायचं तेव्हा वहिनी हसायची, पत्र डोळ्यांना लावायची. पण त्याआधी तिची नजर आबांच्या दुसऱ्या हाताकडे जायची. तो रिकामा असायचा.

तीन महिने झाले. मी म्हटलं, "वैनी, आपन कागद टाकून इचारू या."

"विचारायचं नसतं. नियम आहे त्यांचा."

"पर गोष्ट तर काकीला आवडली."

"काकी संपादक नाहीत." हे ती हसून म्हणाली. मग म्हणाली, "नाही जमली असणार. आठवताना मलाही नंतर तसंच वाटायला लागलंय."

त्यानंतर ती दाराआड उभी राहिली नाही. काकीनं कितीदा म्हटलं, ती लुगड्याची सांग, पण तिनं ती गोष्ट पुन्हा सांगितली नाही. दुसऱ्यांच्या गोष्टी वाचायची. नवीन अंक येत नव्हतेच, तेच तेच वाचायची. आम्हाला पाठ झाले. मला ती म्हणायची, "तुम्ही वाचत राहा वन्सं. आणि कधी सांगलीला गेलात तर त्या माडीवर जाऊन नवे अंक बघा." माझ्या वाचण्याचं म्हणाल तर एवढंच शिक्षण.

भाऊ मध्ये एकदा रजेवर येऊन गेला. पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता वहिनी बाळंतपणात गेली. मूल आडवं आलं होतं. सातारला न्यायचं म्हटलं तर नदीला पाणी. सुईणीनं केलं ते केलं. मूलही गेलं. ती शुद्धीवर होती तोवर काही बोलली असेल तर मला माहीत नाही, मला आत जाऊ दिलं नाही.

भाऊ लढाई संपल्यावर आला आणि वर्षाच्या आत त्याचं दुसरं लग्न झालं. मी त्याला दोष देत नाही. तिची लुगडी आईनं वाटून टाकली. ट्रंक नव्या वहिनीला दिली. मासिकं मी मागून घेतली, ती कोणाला नकोच होती.

मग माझं लग्न झालं, तेही सांगलीत. नवरा हळदीच्या वखारीत होता. घरभर हळदीचा वास असायचा, अजून नाकात आहे. सासूबाई बऱ्या होत्या. वर्षभरात घराबाहेर पडायची मोकळीक मिळाली तशी मी शेवटच्या पानावरचा पत्ता घेऊन तो छापखाना शोधला. मनात दुसरं काही नव्हतं. वहिनीनं सांगितलं होतं, नवे अंक बघा, म्हणून गेले.

माडीवर संपादक एकटेच बसले होते. शाळेत मास्तर होते म्हणे, सुट्टीच्या दिवशी हे काम. मी म्हटलं, जुने अंक हवेत.

"कुणासाठी?"

"मला."

त्यांनी माझ्या नऊवारीकडे बघितलं, मग बसायला चटई टाकली. "कुठल्या सालचे?"

मी भावाच्या लग्नाचं साल सांगितलं. त्यांनी गठ्ठा काढून दिला आणि ते परत आपल्या कामाला लागले. मी सवयीनं शेवटचं पान आधी उघडलं. नियम तेच होते. त्याखाली चौकटीत दोन ओळी होत्या. कुमारी अमुक अमुक यांस: आपला अंक 'या नावाचे कोणी नाही' म्हणून टपालातून परत आला. कृपया पत्ता कळवावा. दुसरी कथा असल्यास अवश्य पाठवावी.

ते नाव वहिनीनं माझ्या कानात सांगितलेलं. छापलेलं मी पहिल्यांदा बघत होते.

पुढच्या महिन्याच्या अंकात तीच चौकट. पुन्हा विनंती, पत्ता कळवावा. त्याच्या पुढच्यात, वाचकांनी आपली कथा आवडल्याचे कळवले आहे, पत्ता कळवावा. त्याच्या पुढच्यात चौकट नव्हती.

मग मी मागं जाऊन कथा शोधली. पहिल्याच पानावर होती. घाट, लुगडं, पुजारी. एक शब्दही बदललेला नव्हता.

मी चौकटीवर बोट ठेवून म्हटलं, "ही माझी भावजय."

संपादक एकदम उठले. "अहो मग पत्ता द्या की बाई! किती शोधलं आम्ही!"

"गेली ती."

खाली छापायचं यंत्र चालू होतं. त्याचा आवाज वर यायचा. ते परत जागेवर बसले. मग म्हणाले, "आम्हाला वाटलं, आमचं मासिक बारकं म्हणून बाई दुसरीकडे लिहायला लागल्या."

तिला वाटलं, तिची गोष्ट यांना नापसंत. यांना वाटलं, यांचं मासिक तिला नापसंत. सांगली ते आमचं गाव आगगाडीनं एका दिवसाची वाट.

कपाटाच्या खालच्या कप्प्यातून त्यांनी एक पुडकं काढलं. परत आलेला अंक, वेष्टनासकट. फोडलेला नव्हता. "हा त्यांचाच," म्हणाले आणि माझ्या हातात दिला. पुढं काही महिन्यांनी ते मासिक बंद पडलं. कागदाचा कोटा मिळाला नाही असं ऐकलं.

शेंगा फोडायच्या दिवसांत मी माहेरी गेले आणि पुडकं घेऊन गेले. सोप्यात बायका होत्या. आबा बाजेवर पडले होते. मी वेष्टन फोडलं आणि काही न सांगता गोष्ट वाचायला सुरुवात केली. लुगडं दुसऱ्यांदा पाण्यात गेलं तशी काकी म्हणाली, "ही तर तुज्या वैनीची."

मग मी सगळं सांगितलं. आबा उठून बसले.

"कुमारी?" ते म्हणाले. "टपालवाल्यानं वाचलं हुतं खरं. आमच्या आडनावाच्या घरात कुनी कुमारी. सगळी चावडी हसली. कुनाच्यात लपवलीया रं कुमारी, म्हनाली. मी म्हनलो, आमच्यात लगनाची पोरगी न्हाई, एक हाय ती एवढीशी. सुनंचं जुनं नाव ध्यानात कुनाच्या? दुसऱ्या घरांनी बी न्हाईच म्हटलं. तवा त्यानं माघारी धाडलं." मग म्हणाले, "खोटं न्हाई बोललो मी."

"न्हाईच बोलला," आई म्हणाली. "त्या नावाचं हुतंच कोन घरात? नाव मीच बदललं. माझ्या सासूनं माजं बदललं, मी तिचं बदललं." आणि ती शेंगांची टोपली उचलून आत गेली.

आबांनी वेष्टन मागून घेतलं. त्यांना वाचता येत नव्हतं. उलटसुलट करून बघितलं, घडी घातली आणि बंडीच्या खिशात ठेवलं. तेव्हापासून चावडीवर एखादं नाव कोणी ओळखलं नाही की आबा म्हणायचे, "माघारी धाडू नगंस. घरात इचारून येतो." टपालवाला वैतागायचा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. आबा कागद घेऊन भावकीत दारोदार फिरायचे. म्हाताऱ्या माणसानं दुसऱ्यांच्या सुनांना त्यांचं माहेरचं नाव विचारणं शोभत नव्हतं, म्हणून मी माहेरी असले की मला पुढं घालायचे, आणि ते मागं अंगणात पाठ करून उभे राहायचे.

मी विचारायचे, "तुमचं माहेरचं नाव काय?" बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. कुणी सांगायच्या, कुणी लाजून आत पळायच्या. कागद बहुतेक वेळा चुकूनच आलेला असायचा, दुसऱ्याच गावचा.

एकदा काकीच्या दारात गेलो. मी विचारलं. काकी हसली नाही. हातातलं सूप तिनं खाली ठेवलं.

"थांब," ती म्हणाली. "आठवू दे."

आम्ही थांबलो.